चौकटीवरची दोन बोटं

१

मुलांनो, असं समजा की घोडेगावहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या एसटीत तुम्ही बसला आहात. शिनोली मागे टाकली की थोड्या वेळानं एक फाटा येतो. तिथे उतरा. गावाचं नाव मी सांगणार नाही, ते तुम्हीच ठेवा. उजव्या हाताला कांद्याची चाळ, डाव्या हाताला बोअरवेलचा हातपंप आणि मध्ये एक बसकी पांढरी इमारत दिसेल. तिला कळस नाही, मिनारही नाही. दाराची चौकट निळी आहे. ते सिनेगॉग, म्हणजे ज्यू लोकांचं प्रार्थनाघर.

हे लोक इथे कसे आले, असं तुम्ही विचाराल. त्यांचे पूर्वज कोकणातून घाट चढून आले असं ते सांगतात. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. शनिवार त्यांचा शब्बाथ. त्या दिवशी काम नाही, चूल पेटवायची नाही, लिहायचं नाही. शेजारपाजारच्यांसारखंच मराठी बोलतात, भाकरी-पिठलं खातात. एकेकाळी गावात त्यांची चाळीस घरं होती. आता पाच उरली आहेत. त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. पाच घरांत मिळून सहा आहेत.

आता आत चला. डोक्यावर टोपी नसेल तर रुमाल घ्या. समोरच्या भिंतीत लाकडी कपाट आहे, त्याला हेखाल म्हणतात. त्यात त्यांचा सेफर तोरा असतो. सेफर तोरा म्हणजे कातड्यावर हातानं लिहिलेल्या धर्मग्रंथाची गुंडाळी. इथला सेफर लहान होता, मखमली झग्यातला, कडेवरच्या पोराएवढा.

त्या शुक्रवारी दिवेलागणीला पाच घरची माणसं जमली. मुकादमांनी, म्हणजे जमातीच्या पुढाऱ्यांनी, पडदा सारला आणि हेखाल उघडलं.

कपाट रिकामं होतं.

२

मुकादमांचं नाव बिन्यामीन चौलकर. वय अठ्ठ्याहत्तर. दोन वर्षांपूर्वी मोरीत पडले, तेव्हापासून उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. पण बोलले की माणसं ऐकायची. चाळीस वर्षं लग्नं त्यांनी लावली, भांडणं त्यांनी मिटवली, मयतीला पुढे तेच चालले.

दाराचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोनच. एक मुकादमांच्या घरी खिळ्याला, दुसरी सावळारामाकडे.

हा सावळाराम कोण? मूळचा तळेघरकडचा, भातशेतीवाल्या घरातला. सिनेगॉगच्या आवारातल्या एका खोलीत तीस वर्षं राहत होता. झाडलोट, दिवाबत्ती, पडेल ते काम. शनिवारी सकाळी पाचही घरांत जाऊन स्टो पेटवायचा आणि चहा ठेवायचा. त्याला कुणी सांगत नसे, शब्बाथला असं काम दुसऱ्याला सांगायचंही नसतं. तो आपणहून यायचा. आता म्हातारा झाला होता आणि त्याची नात समृद्धी त्याच्याजवळ राहून शाळेत जात होती.

मुकादम त्या संध्याकाळी एकच वाक्य बोलले. "किल्ली दोघांकडेच आहे, आणि माझी माझ्या घरी आहे."

नीट बघा, मुलांनो. यात खोटं एकही अक्षर नाही. पण वाक्य संपलं तेव्हा सगळ्या माना सावळारामाकडे वळल्या होत्या. मुकादमांचा पुतण्या शमुवेल तर उठलाच. रविवारी दुपारपर्यंत खोली खाली कर, सोमवारी पोलिसांत जाऊ, असं त्यानं सांगून टाकलं. मुकादम गप्प राहिले. पुढाऱ्याचं गप्प राहणंही हुकूमच असतो.

रविवार का, तर रविवारी सकाळी मुंबईची मंडळी यायची होती. जिथे वर्षानुवर्षं दहा माणसं जमत नाहीत तिथला सेफर सांभाळायला नेणारी मंडळी. त्यांच्या स्वागतासाठीच सावळारामानं गुरुवारी दाराची चौकट रंगवली होती.

मुकादमांची नात, त्यांच्या मुलीची मुलगी मिरियम, अकरा वर्षांची. समृद्धी तिच्याच वर्गात. शनिवारी सकाळी मिरियम समृद्धीच्या खोलीवर गेली, तर समृद्धी भांडी पोत्यात भरत होती. तळेघरला गेल्यावर शाळा किती लांब पडेल, असं मिरियमनं विचारलं. समृद्धी म्हणाली, "शाळंचं काय घिऊन बसली. तिथं समदे म्हनतील, चोराची नात आली."

मिरियम तिथून निघाली ती थेट वैजयंतीबाईंच्या घरी गेली.

३

वैजयंतीबाई घोडेगावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या शिक्षिका. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी अपूर्णांक शिकवले होते, त्यामुळे त्यांच्यासमोर खोटं बोलताना माणसं अजूनही अडखळत. त्यांनी मिरियमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आधी कोण काय सांगतंय ते जमा करू, उत्तर मागून येईल.

पहिले भेटले दादाभाऊ. कांद्याची चाळ त्यांची. सिनेगॉगची जागा विकत मिळावी म्हणून ते दहा वर्षं मागे लागले होते. सेफर गेला तर सिनेगॉग बंद होईल आणि जागा मोकळी होईल, हा हिशोब कुणालाही कळेल. बाईंनी तसं तोंडावर विचारलं.

दादाभाऊ हसले. "बाई, दहा वर्सं थांबलो, अजून एक दिस थांबायला काय व्हतंय? मुंबईचं लोक उद्या आपसूक नेनारच व्हते की. मी कशाला वझं उचलू?"

बाईंना उत्तर पटलं. चोरीमुळे दादाभाऊंचा तोटाच झाला होता. सेफर सापडेपर्यंत काही हलणार नव्हतं.

दुसरा शमुवेल. उंच, शिडीसारखा. पिकअप चालवतो. मुंबईला पत्र त्यानंच लिहिलं होतं, हे त्यानं लपवलं नाही. दहा माणसं जमत नाहीत, काका ऐकत नाहीत, कुलूप लावून मोकळं व्हावं आणि आपण इस्रायलला बहिणीकडे जावं, असं त्याचं म्हणणं. काकांच्या घरी तो रोज जात असे, किल्ली सहज काढता आली असती. पण सेफर मुंबईला जावा असं ज्याला वाटतं, तो माणूस सेफर लपवेल कशाला?

तिसरा सावळाराम. खोलीसमोर बसून तो खाटेच्या नवाराची गाठ सोडवत होता. गुरुवारी चार वाजता रंग संपवला, कुलूप लावलं, किल्ली कनवटीला लावली, एवढंच त्यानं सांगितलं. तू आत गेला होतास का, असं बाईंनी विचारलं, तेव्हा तो बराच वेळ गाठीशीच झटत राहिला.

"मला नका इचारू, बाई. दाराला इचारा."

"दार काय सांगणार, सावळाराम?"

"मी तीस वर्सं ह्यांचं मीठ खाल्लंय. माज्या तोंडून न्हाई निघायचं."

बाई उठल्या. या माणसाला काहीतरी ठाऊक होतं आणि ते सांगण्यापेक्षा तो चोर व्हायला तयार होता.

४

मुकादमांच्या घरी त्यांच्या पत्नीनं, रिबकाआजींनी, दार उघडलं. शब्बाथचा चहा नव्हता. थर्मासातलं कालचं पाणी कोमट झालं होतं आणि स्टो तसाच थंड पडला होता. ज्याला चोर ठरवलं तो आज आला नव्हता, आणि तो आला नाही म्हणून आजी त्याच्यावरच रागावल्या होत्या. असं होतं, मुलांनो. आपण ज्याच्यावर अन्याय करतो, त्याचाच आपल्याला राग येतो.

मुकादम खिडकीशी उभे होते. बाईंनी बसा म्हटलं तरी बसले नाहीत. गजाला धरून तसेच उभे राहिले. खोलीत एकच आसन होतं, भिंतीलगतचा लाकडी दिवाण. खाली पेटी, वर फळी आणि गादी. बाई त्यावर टेकणार एवढ्यात मुकादमांनी आतून खुर्ची आणवली. मिरियम मात्र शाळेतून आल्यावर टाकते तसं अंग दिवाणावर टाकायला गेली.

"ऊठ तिथून!"

आजोबा तिच्यावर असे कधीच ओरडले नव्हते. ती घाबरून जमिनीवर बसली. आजी पुटपुटल्या, गुरुवारपासून हे असंच चाललंय, रात्रीसुद्धा खुर्चीतच डोळा लावतात, विचारलं तर म्हणतात कंबर दुखते.

बाईंनी फार विचारलं नाही. गुरुवारी संध्याकाळी कुठे होतात, एवढंच. घरीच होतो, मुकादम म्हणाले. मग बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं की जमात टिकवायची म्हणजे काय टिकवायचं असतं.

"सेफर," मुकादम म्हणाले. "माणसं येतात-जातात. माझे दोन मुलगे इस्रायलला गेले, परत आले नाहीत. सेफर राहिला तर आम्ही इथे होतो याला काही अर्थ आहे."

ते बोलत असताना मिरियम त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होती. पहिल्या बोटाच्या नखाच्या कडेला निळी रेघ होती. शुक्रवारी सकाळी तिनं ती पाहिली होती. तेव्हा आजोबा म्हणाले होते, बॉलपेन फुटलं.

बॉलपेनची शाई एवढी जाड असते का?

५

दुपारी बाई आणि मिरियम सिनेगॉगच्या दाराशी गेल्या. चौकट नव्या रंगानं चकचकत होती. बाईंनी चष्मा पुसला आणि तळापासून वरपर्यंत हळूहळू पाहत गेल्या. उजव्या बाजूच्या खांबावर, मिरियमच्या डोळ्यांच्या रेषेत, रंगात दोन बोटांचा ठसा उमटला होता. ओल्या रंगावर उमटलेला आणि मग तसाच सुकलेला. त्याच्या वीतभर वर स्क्रूची दोन भोकं होती.

"इथे काय असतं?" बाईंनी विचारलं.

मिरियम म्हणाली, "मेझुझा. छोटी डबी असते, आत प्रार्थना लिहिलेली. आत जाताना तिला बोटं लावायची आणि ती बोटं ओठांना लावायची. रंगासाठी सावळारामबाबांनी ती काढून आजोबांकडे दिली. घरी कपाटात आहे."

"म्हणजे डबी इथे नव्हतीच. तरी हात गेला."

"हात आपोआप जातो, बाई. मी परवा मावशीच्या नव्या घरी गेले, तिथे अजून लावली नव्हती, तरी माझा गेला."

बाई पायरीवर बसल्या. आणि आता, मुलांनो, तुम्हीही त्यांच्याबरोबर बसा. तुमच्याकडे जेवढं आहे तेवढंच त्यांच्याकडे होतं.

गुरुवारी चारनंतर रंग ओला होता, शुक्रवारी दुपारपर्यंत सुकला. तेवढ्या वेळात कुणीतरी दारातून गेलं. दादाभाऊ गेले असते तर त्यांचा हात चौकटीला कशाला लागला असता? सावळाराम आत जाताना वाकून उंबऱ्याला हात लावतो, सगळ्या गावानं पाहिलंय. शिवाय रंग ओला आहे हे जगात सर्वांत पक्कं ठाऊक होतं ते रंगवणाऱ्याला. म्हणजे आत गेलेला माणूस ज्यू होता. चोरी करायला निघालेला, आणि तरी दाराशी बोटं ओठांना लावणारा. बायका मागच्या दारानं जातात, तिथे रंग दिलेलाच नाही. शमुवेल शिडीएवढा, त्याचा हात भोकांपर्यंत सहज गेला असता, आणि बाकीच्या पुरुषांचाही. हा ठसा वीतभर खाली आहे. ज्याला हात वर नेता येत नाही, अशा माणसाचा.

बाई मिरियमकडे वळल्या. तिनं सगळं बेरजेसारखं मांडलेलं ऐकलं होतं, आणि उत्तर तिला बाईंच्या आधी आलं होतं.

"तुला आधीच ठाऊक होतं?"

मिरियम नखं चावत होती. "नखात रंग आहे त्यांच्या," ती म्हणाली. "बाई, मी तुमच्याकडे यायलाच नको होतं."

मग तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. ज्या आसनावर सेफर ठेवलेला असतो, त्यावर त्यांच्यात कुणी बसत नाही.

६

आकाशात तीन चांदण्या दिसल्या की शब्बाथ संपतो. त्या दिसताच बाई पुन्हा मुकादमांकडे गेल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. ठसा, उंची, दिवाण, एकेक सांगितलं. मिरियम दारात उभी होती. मुकादमांनी नाकारलं नाही. गुरुवारी दिवस मावळताना ते एकटे गेले होते. सेफर छातीशी धरला, उपरण्यात गुंडाळला आणि घरी आणला.

"त्यांनी नेला असता," ते म्हणाले. "माझ्या आजोबांनी घाटातून डोक्यावर आणलेला. तो गेल्यावर मी कशाचा मुकादम? उद्या ती मंडळी परत जातील. मग आठ दिवसांनी मी सांगेन, सापडला."

"आणि सावळाराम?"

"त्याची समजूत काढेन. तो आपलाच आहे."

"आपला आहे म्हणून त्याला चोर केलंत. परक्याला केलं असतंत तर त्यानं भांडण तरी केलं असतं."

मुकादमांनी डावा हात दिवाणाच्या गादीवर ठेवला. मग म्हणाले, "बाई, तुमची जमात लाखांची. पाच घरं सांभाळून बघा."

बाई म्हणाल्या की त्या पोलिसांकडे जाणार नाहीत आणि गावात बोलणारही नाहीत. ज्यांच्यासमोर त्याला चोर ठरवलं त्यांच्यासमोर मुकादमांनीच बोलायला हवं. उद्या सकाळी.

"उद्या बघू," मुकादम म्हणाले. मिरियमकडे त्यांनी पाहिलं नाही.

७

रविवारी दहा वाजता मुंबईची मंडळी गाडीतून आली. पाचही घरची माणसं बाकांवर बसली. बाई मागच्या दाराशी बायकांमध्ये बसल्या. बाहेर सावळारामाच्या मेव्हण्याचा टेम्पो उभा होता, आणि सावळाराम खाट चढवत होता.

मुंबईच्या एका वयस्कर गृहस्थांनी अगदी मऊपणे विचारलं की सेफरचा काही पत्ता लागला का.

मुकादम बाकाला धरून उभे राहिले. बाईंकडे एकदा बघितलं, आपल्या माणसांकडे बघितलं. पाच पुरुष, चार बायका, दोन पोरं. चाळीस वर्षं ज्यांच्यापुढे ते कधी चुकले नव्हते ती माणसं.

"तपास चालू आहे," ते म्हणाले आणि बसले.

मिरियम उठून बाहेर गेली. रिबकाआजींना वाटलं, पोरगी पाणी प्यायला गेली असेल.

ती घरी गेली. दिवाणाची गादी ओढली, फळी उचलली, सेफर दोन्ही हातांत घेतला. रस्त्यातून चालताना तिला धाप लागली, पण तो तिनं खाली टेकवला नाही. सिनेगॉगच्या आवारात येऊन ती टेम्पोपाशी थांबली.

"बाबा, हात पुढे करा."

सावळाराम दोन पावलं मागे सरला. "मी? न्हाई पोरी. माजं हात बग कसलं हायेत. घामानं भरल्यात."

"याला कुणाच्याच हाताचा विटाळ होत नाही. आजोबांनीच शिकवलंय."

त्यानं हात धोतराला पुसले, पुन्हा पुसले, आणि सेफर घेतला. जन्मलेलं पोर घ्यावं तसा. मिरियम पुढे, तो मागे, असे दोघं निळ्या चौकटीतून आत गेले.

एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. सेफर कुणाच्याही हातात असो, तो समोरून आला की बसून राहायचं नसतं. राजा असो, म्हातारा असो, उठायचं. मुंबईची मंडळी उठली. बायका उठल्या. पोलिसांत जाऊ म्हणणारा शमुवेल उठला, खाली बघत. सगळ्यांत शेवटी, एका हातानं बाक धरून, मुकादम उठले.

सावळारामानं सेफर मधल्या टेबलावर ठेवला. मग तो मुकादमांकडे वळला.

"शुक्रवारी सकाळीच चौकटीवर तुमची बोटं दिसली मला, मुकादम. डब्यात रंग उरला व्हता, ब्रशचा एक हात मारला असता तर मिटली असती. न्हाई मारला. म्हनलं, तुमी आपल्या तोंडानं सांगाल. दोन दिस वाट बगितली."

त्यानं वाकून उंबऱ्याला हात लावला आणि तो बाहेर पडला.

शमुवेल त्याच्यामागे दारापर्यंत गेला. राहा म्हणाला, खोली तुझीच आहे म्हणाला. सावळारामानं मान हलवली आणि किल्ली त्याच्या हातात दिली. आत मुंबईच्या गृहस्थांनी सेफर चादरीत गुंडाळायला घेतला. आता त्यांना कुणी अडवणार नव्हतं. मुकादमही नाही.

टेम्पोच्या हौद्यात समृद्धी दोरीचं एक टोक धरून उभी होती. खाट कलली होती आणि पलीकडचं टोक कुणी धरत नव्हतं.

आतून आजोबांनी मिरियमला दोनदा हाक मारली. ती टेम्पोच्या पलीकडच्या बाजूला गेली, लोंबणारं दोरीचं टोक पकडलं आणि पाय रोवून ओढलं.